उपाशी पिढ्यांचा हिशेब : पुण्याच्या केईएममधील मधुमेह संशोधनाची वाटचाल

पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय १९१२ साली सुरू झाले. १९४४ पासून डॉ. बानू कोयाजींनी ते नावारूपाला आणले आणि सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढूपर्यंत, थेट खेड्यातल्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत नेले. या पायावरच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मधुमेह विभागाचे काम उभे राहिले.

सुरुवात एका विसंगतीपासून झाली. मधुमेह हा उतारवयातला, लठ्ठ माणसांचा आजार, असे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके सांगत. ऐंशीच्या दशकात केईएममध्ये येणारे रुग्ण मात्र तरुण आणि अंगाने बारीक होते. म्हातारपणाचे दुखणे ऐन तारुण्यात का यावे, याचा शोध घेताना संशोधक रुग्णाच्या जन्मापाशी पोहोचले. केईएममध्येच जन्मलेली मुले चार वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा जन्मतः वजन कमी असलेल्यांच्या रक्तात ग्लुकोज दिल्यानंतर साखर जास्त चढत होती. हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधीच, १९९३ मध्ये, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साथीने पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला होता. त्यातून दिसले की तिथले नवजात बाळ सरासरी २.७ किलोचे, तर साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी भरत, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असे. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे जास्त भरलेली होती. पुढे २००८ मध्ये आणखी एक दुवा हाती आला. गरोदरपणी ज्यांच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक अवरोध होता, म्हणजे त्यांचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हते.

यात जनुकांचा वाटा किती आणि ताटाचा किती? माणसांच्या पिढ्यांवर हा प्रयोग करता येत नाही, उंदरांवर येतो. पुण्यात विस्टार जातीच्या उंदरांच्या पन्नास पिढ्या निकस, अपुऱ्या आहारावर वाढवल्या गेल्या. माणसाच्या हिशेबात हा काळ हजार वर्षांहून मोठा. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. हे उंदीर जन्मतः हलके होते, पण पोटात चरबी जास्त. रक्तात इन्सुलिन वाढलेले, बी-१२ घटलेले. मधुमेह घडवणारे रसायन दिल्यावर त्यांना आजार होण्याचा धोका आठपट निघाला. नंतर दोन पिढ्या त्यांना पोटभर चांगले अन्न दिले, तरी हे दोष गेले नाहीत. इन्सुलिनच्या एका जनुकाचे काम नियंत्रित करणाऱ्या भागावर उमटलेल्या रासायनिक खुणा तशाच राहिल्या. जनुक कधी आणि किती चालावे, यावर भुकेची छाप पडली होती आणि ती सहज पुसली जात नव्हती.

यावरून कमी खाणे नेहमीच वाईट, असा गैरसमज मात्र टाळला पाहिजे. १९३५ मध्ये अमेरिकेत क्लाइव्ह मॅके यांनी दाखवले होते की उष्मांक कमी पण जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे दिले, तर उंदीर जास्त जगतात. मॅकेंच्या उंदरांना मोजके पण सकस अन्न मिळत होते. पुण्याच्या उंदरांची पिढ्यान्पिढ्या उपासमार झाली. उंदरांत मिताहाराने आयुष्य वाढले, कुपोषणाने पुढच्या पिढ्याही खंगल्या.

पुढच्या पिढ्यांचे आरोग्य राखण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. सातारा भागातल्या आमच्या औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले, साध्या आहाराचा आग्रह धरला. प्रजेचे आरोग्य हे राज्यकारभाराचे काम आहे, ही त्यांची दृष्टी. केईएमचे काम तिला पुढे नेते : आरोग्याची तयारी मूल जन्मण्याच्या आधी, मुलगी वयात येतानाच व्हायला हवी. २०१२ पासून या विभागाने त्याच सहा गावांतील, तोवर तरुण झालेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन, त्याचा पुढच्या पिढीवर होणारा परिणाम तपासायला घेतला.

खटाव-माणसारख्या दुष्काळी भागात अनेक घरांतली बाई अजूनही सगळ्यांच्या मागून, उरलेले जेवते. उंदरांत दोन पिढ्यांच्या अन्नानेही जे भरून निघाले नाही, ते पाहता आणखी एक पिढी वाया घालवण्याची सवड आपल्याला नाही. शाळेच्या आहारात, अंगणवाडीत आणि आपापल्या घरी मुलीच्या ताटात दूध, पालेभाजी, डाळ, फळ आधी वाढा. नातवंडांच्या मधुमेहावरचा उपाय तिथूनच सुरू होतो.