उमेदवारी : जुनी आणि नवी

मराठीत ‘उमेदवार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आज तो शब्द कानी पडताच निवडणूक डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु पूर्वी कचेरीत, वकिलाकडे अथवा पेढीवर काम शिकण्यासाठी बसणाऱ्या तरुणालाही उमेदवारच म्हणत. कारखान्यातील ‘शिकाऊ उमेदवार’ या शब्दात तो अर्थ अजून तग धरून आहे. राजकारणातून मात्र तो जवळजवळ हद्दपार झाला. हा केवळ भाषेचा इतिहास नव्हे. आमदार होऊ इच्छिणारे उमेदवार आपल्याकडे उदंड झाले. आमदाराच्या कामाची उमेदवारी करणारे दुर्मिळ झाले. ही उणीव हवामानबदलाच्या प्रश्नाने आज उघडी पाडली आहे, आणि ती कोणाच्या अंगावर पडते हे पाहायचे तर खारदांड्यासारख्या कोळीवाड्याकडे पाहावे.

वांद्रे आणि जुहू यांच्या मधोमध वसलेली ही वस्ती समुद्राचे गणित पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवून आहे. उधाण कधी, भांग कधी, होड्या किती वर ओढायच्या, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पण २६ जुलै २००५ रोजी जवळच्या सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईसमोरून गेले आणि कोळीवाड्यांतल्या होड्या फोडून गेले. जुने गणित आता पुरत नाही. नवे गणित सरकारी अहवालांत, नकाशांत आणि अधिसूचनांत आहे. ते वाचून सभागृहापर्यंत पोचवायचे कोणी, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८७६-७७ साली दख्खनवर भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा केली, तिचे वृत्तांत तयार केले आणि ते सरकारपुढे ठेवले. सभेला तेव्हा कायदा करण्याचा अधिकार नव्हता. मुंबईचे कायदेमंडळ १८६२ पासून भरत होते, पण त्यात बसणारे मूठभर हिंदी सभासद सरकारनेच नेमलेले असत. अधिकार नव्हता म्हणून अभ्यास थांबला नाही. उलट अभ्यास हाच अधिकाराकडे जाण्याचा मार्ग आहे, असे त्या पिढीने मानले. १८७८ साली सभेचे त्रैमासिक निघाले. योगायोग असा की, मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरती-ओहोटीच्या नोंदींची मालिकाही त्याच सालापासून उपलब्ध आहे. दुष्काळाचे लेखन आणि समुद्राचे मोजमाप यांची सुरुवात अशी जोडीने झाली. पहिल्याला वाचक मिळाले. दुसऱ्याचा लोकांच्या राजकारणाशी संबंध येण्यास फार काळ जावा लागला.

त्या त्रैमासिकाच्या कामातच आपल्या प्रांतातील सर्वांत नामांकित उमेदवारी घडली. १८८७ च्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एकवीस वर्षांचा शिक्षक न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली काम शिकू लागला. सरकारी अहवाल वाचायचे, त्यांतले आकडे निवडायचे, अर्जाचा मसुदा लिहायचा, रानड्यांनी तो तपासायचा आणि पुन्हा लिहायचा, असा तो पाठ होता. त्यात भाषणबाजीला जागा नव्हती. दहा वर्षांनी, १८९७ साली, तोच तरुण लंडनला वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देत होता आणि १८९९ साली तो मुंबईच्या कायदेमंडळात बसला.

तेथे त्याची पहिली मोठी कसोटी लागली तीही दुष्काळाच्याच प्रश्नावर. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनेकांचा शेतसारा थकला. थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क कुळाला राहू नये, अशी तजवीज असलेले विधेयक सरकारने १९०१ साली आणले. गोखल्यांनी त्यास विरोध केला. शेवटी सर फिरोजशहा मेहता यांच्यामागोमाग तेही सभागृहातून उठून गेले. विधेयक संमत झालेच. सरकारचे बहुमत आकड्यांनी हलले नाही. पण पुढच्याच वर्षी, २६ मार्च १९०२ रोजी, वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले की, तिजोरीत शिल्लक पडते आणि रयत मात्र दुष्काळाने खंगते. उमेदवारीचे फळ मतदानात लगेच दिसत नाही. ते युक्तिवादाच्या बळात दिसते.

गोखल्यांनी ही गोष्ट स्वतःपुरती ठेवली नाही. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापला आणि नव्या सभासदाला पाच वर्षांच्या शिक्षणाची अट घातली. त्याच सुमारास जगात अन्यत्रही हाच विचार चालू होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात चार्ल्स मॅकार्थी या अभ्यासकाने १९०१ साली विधिमंडळासाठी संदर्भ-ग्रंथालय उभे केले. सभासदाला कायद्याचा मसुदा करण्यास मदत हवी असेल, तर ती धनिकांच्या वकिलाकडून न मिळता सार्वजनिक संस्थेकडून मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. पुण्याने माणूस घडवण्यावर भर दिला, विस्कॉन्सिनने कचेरी उभारण्यावर. दोन्ही हवे असते.

स्वातंत्र्यानंतरचे एक उदाहरण आमच्या म्हणण्याला अधिक बळ देते. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्यांनी १९६५ साली गावाच्या माणसांना काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड साऱ्या राज्याला पटली. १९७५ साली व्यवसाय कर बसवून त्यासाठी पैसा उभा झाला, १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पावसाच्या लहरीविरुद्ध लोकांचा हक्क कायद्यात लिहिला गेला. एका गावचा अनुभव सभागृहात पोचला की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता आजची स्थिती पाहू. हवामानबदलाविषयी महाराष्ट्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टेरी या संस्थेने २०१४ साली राज्यासाठी अभ्यास पूर्ण केला. २०२० साली पर्यावरण विभागाच्या नावात वातावरणीय बदलाची भर पडली आणि ‘माझी वसुंधरा’ अभियान निघाले. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. परंतु हे सारे मंत्रालयात आणि महापालिकेत घडले. तरुणांसाठी २०१५ साली सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिपही त्यांना शासनाच्या कामाशी जोडते, विरोधी बाकावरच्या आमदाराशी नव्हे. दिल्लीत २०१० पासून खासदारांना तरुण साहाय्यक देणारा एक उपक्रम चालू झाला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. तो उपयुक्त आहे, पण त्यात विद्यार्थी सभागृह पाहतो, सभागृहाचे काम त्याच्या हातून होत नाही. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सभासद यांच्यापुढे जो कागदांचा ढीग येतो, तो वाचण्यास त्यांच्याजवळ असे मनुष्यबळ किती असते, हे वाचकांनीच पडताळावे.

असा विद्यार्थी नेमके काय करील? एकच उदाहरण देतो. केंद्र सरकारच्या ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी एक खास तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात अथवा राज्य शासनाच्या संबंधित दप्तरात नोंदलेले कोळीवाडे नकाशावर आखून त्यांना किनाऱ्याच्या तिसऱ्या वर्गात घालावे, असे ती सांगत होती. १८ जानेवारी २०१९ रोजी त्या अधिसूचनेची जागा दुसरीने घेतली. या आठ वर्षांत खारदांड्याची सीमा नकाशावर कशी उमटली? मासळी वाळवण्याची जागा तीत धरली काय? होड्या ओढण्याचा किनारा धरला काय? जुना आराखडा, नवा नकाशा आणि प्रत्यक्ष जमीन ही तिन्ही शेजारी ठेवून पाहणे हे दोन महिन्यांचे काम आहे. त्यातून एक तारांकित प्रश्न निघेल, एक लक्षवेधी सूचना निघेल, कदाचित एक अशासकीय विधेयकही निघेल. आमदाराने भाषण कितीही जोरात केले, तरी हातात तो नकाशा नसेल तर मंत्र्याचे उत्तर दोन ओळींत संपते.

मात्र दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे की, उमेदवार हा अभ्यासाचा असावा. आमदाराची छायाचित्रे पसरवणे किंवा मिरवणुकीची तजवीज करणे हे त्याचे काम नव्हे. दुसरे पथ्य पैशाचे आहे. भारत सेवक समाजही आपल्या सभासदांना निर्वाहापुरते देत असे. उमेदवारी बिनपगारी ठेवली, तर ती सुखवस्तू घरांतील मुलांच्याच वाट्यास जाईल. ज्या मुलीची आई पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते, तिला फुकट राबणे परवडणार नाही. आणि अडचण अशी की, समुद्र किती वर आला हे त्या मुलीला घरात बसून दिसते. नकाशातील चूक पहिल्यांदा तिच्याच ध्यानात येईल.

सार्वजनिक सभेच्या पिढीजवळ मत नव्हते, पण माहिती होती. आपणांजवळ मत आहे. खारदांड्याचे लोक दर पाच वर्षांनी एका उमेदवाराला निवडून विधानसभेत पाठवतात. त्याच्याबरोबर दुसरा, जुन्या अर्थाचा उमेदवारही पाठवण्याची सोय झाली, तर पुढच्या वादळानंतरची चर्चा केवळ नुकसानभरपाईच्या रकमेवर थांबणार नाही. वादळापूर्वी काय करायला हवे होते, हे विचारण्याइतकी माहिती सभागृहापाशी असेल.