पांढऱ्या शर्टावरचा टाय

लग्नसराई आली, कोणाची नोकरीची मुलाखत ठरली किंवा कचेरीत एखादा मोठा समारंभ असला, की घरातील पुरुषमंडळी कपाटातून दोन टाय काढतात. एक उजव्या हातात, एक डाव्या हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहतात आणि विचारतात, “यांतला कोणता?” आपण फोडणी देता देता एकदा वळून पाहतो आणि सांगतो, “तो तांबडा.” बहुतेक वेळा आपले उत्तर बरोबर येते. साडीचा काठ पाहून त्यावर पोलके निवडण्यात ज्या नजरेचे आयुष्य गेले, तिला ही परीक्षा कसली अवघड? परंतु शर्टावर कोणत्या रंगाचा टाय शोभेल, हा प्रश्न मुळात उत्पन्न कसा झाला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्याचा इतिहास पाहू गेल्यास त्यात राजे-रजवाडे तर भेटतातच, पण आपल्यासारख्या धुणे, इस्त्री आणि शिवण करणाऱ्या बायकाही भेटतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

युरोपात 1618 ते 1648 या काळात तीस वर्षांचे युद्ध चालले होते. त्यात फ्रान्सच्या बाजूने लढण्यास क्रोएशियाचे शिपाई आले. ते गळ्याभोवती एक रुमाल गाठ मारून बांधीत. फ्रेंच लोकांना तो फार आवडला आणि त्या शिपायांच्या नावावरूनच त्याला ‘क्रावात’ हे नाव मिळाले. चौदाव्या लुईच्या दरबारात या रुमालाला झालरी आणि लेस लागल्या. आजच्या टायचा हाच मूळ पुरुष. मात्र त्या वेळी रंगाचा प्रश्न नव्हता. श्रीमंताचा गळपट्टा म्हणजे पांढऱ्या तागाच्या तलम कापडाचा. किंमत होती ती लेसची, आणि ती विणीत बायका. परदेशी लेसवर फ्रान्सचा पैसा फार जातो, असे पाहून कोल्बेर या मंत्र्याने 1665 साली देशातच लेसचे कारखाने उभे केले. आलाँसाँ गावची लेस त्यामुळे प्रसिद्धीस आली. लेस मिरवणाऱ्या सरदारांची चित्रे आज संग्रहालयांत दिसतात. विणणारणींची नावे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवली.

पुढे इंग्लंडात ब्रमेल नावाचा एक छानछोकी गृहस्थ होऊन गेला (1778–1840). राजपुत्राचा तो मित्र. भडक रंग, जरतार आणि अत्तरे यांना त्याने रजा दिली, आणि स्वच्छ अंग, नीट बेतलेला कोट व खळ दिलेला शुभ्र गळपट्टा एवढ्यावरच सभ्य पुरुषाची पारख व्हावी, असा दंडक पाडला. त्याच्या नोकराची एक गोष्ट सांगतात. चुरगळलेल्या गळपट्ट्यांचा ढीग हातावर घेऊन तो खाली येत होता. कोणी विचारले, हे काय? तर म्हणे, हे सारे आमचे फसलेले प्रयत्न! गाठ एकदा चुकली, की खळ मोडे आणि कापड पुन्हा धुण्यात जाई. गोष्ट ऐकून हसू येते. पण ज्यांनी भर उन्हाळ्यात खळीची पातळे इस्त्री केली आहेत, त्यांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हाच, की तो ढीग पुन्हा धुतला कोणी? ब्रमेल स्वतः 1816 साली कर्जापायी इंग्लंड सोडून पळाला आणि फ्रान्समध्ये विपन्नावस्थेत वारला. त्याने घालून दिलेली पांढरेपणाची चाल मात्र टिकली.

या पांढरेपणाचे ओझे किती होते, ते अमेरिकेतील ट्रॉय गावाच्या हकिकतीवरून कळते. 1827 च्या सुमारास तेथील हॅना मॉन्टेग्यू नावाच्या गृहिणीला यजमानांचे शर्ट रोज धुण्याचा कंटाळा आला. मळे ती फक्त कॉलर. मग सबंध शर्ट का धुवावा? तिने कात्रीने कॉलर कापून काढली, वेगळी धुतली आणि पुन्हा जोडली. सुटी कॉलर अशी एका घरात जन्मली, असे सांगतात. तिचा पुढे एवढा मोठा धंदा झाला, की ट्रॉयला ‘कॉलरचे गाव’ हेच नाव पडले. एका बाईचे काम हलके करण्यासाठी निघालेल्या युक्तीने पुढे शेकडो बायकांना धुलाईघरांत उभे केले. दिवसाला बारा-बारा, चौदा-चौदा तास उकळते पाणी, खळ आणि तापलेली इस्त्री, आणि आठवड्याची मजुरी दोन ते चार डॉलर.

अखेर 1864 साली केट मुलानी या आयरिश मुलीने त्यांची संघटना बांधली. त्या वेळी तिचे वय विशीच्या आतबाहेर होते. बायकांनी काम बंद ठेवले आणि आठवड्याच्या आतच मालकांनी मजुरी शेकडा 25 ने वाढवून दिली. नुसते स्वतःपुरते पाहून त्या थांबल्या नाहीत. 1866 साली गावातील लोखंड ओतणारे कामगार संपावर गेले, तेव्हा या धुणाऱ्या बायकांनी त्यांना 1000 डॉलर दिले. 1869 चा त्यांचा दुसरा संप मात्र फसला. बाजारात कागदी कॉलरी येऊ लागल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी संघटना मोडली. तरी केटचे ट्रॉयमधील घर आज राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केले आहे.

पांढऱ्या कॉलरला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. पांढऱ्यावर मळ दिसतो. ज्याची कॉलर दिवसभर पांढरी राहते, तो हाताने काम करीत नाही आणि त्याच्या घरी धुलाईला पैसा आहे, असा त्याचा अर्थ. रेघांचा शर्ट प्रथम निघाला, तेव्हा हा मळ झाकण्याचा डाव आहे, असा संशय लोक घेत. कारकुनी पेशाला इंग्रजीत ‘पांढऱ्या कॉलरचा’ म्हणतात, तेही याचमुळे.

शर्ट असा पांढरा ठरून गेल्यावर पुरुषाच्या अंगावर हौसेला जागा उरली ती गळ्याशी, आणि त्याच सुमारास रंगही स्वस्त झाले. 1856 साली लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने करण्याचा खटाटोप मांडला होता. क्विनीन झाले नाही. डांबरापासून काढलेल्या द्रव्यातून निघाला तो सुंदर जांभळा रंग, आणि तो रेशमावर पक्का बसला. त्यामागून कारखान्यांतून रंगांची रांगच लागली. मग क्लबांनी, शाळांनी आणि पलटणींनी आपापले पट्टे ठरविले. आपल्या मुलांच्या शाळेचा पट्टेदार टाय त्याच कुळीचा. टायची शिवणही पुढे सुधारली. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने 1920 नंतरच्या दशकात कापड उरेब कापून तीन तुकड्यांत टाय शिवण्याची रीत काढली. उरेब कापडाला ताण सोसतो, त्यामुळे गाठ सोडल्यावर टाय पिळवटून राहत नाही. आपल्या शिवणवर्गातील भगिनींना हे मर्म निराळे सांगायला नको.

आपल्याकडे टाय आला तो इंग्रजी अंमलाबरोबर. उच्च न्यायालयातील वकील गळ्याखाली ज्या दोन पांढऱ्या पट्ट्या बांधतात, त्याही सतराव्या शतकातील युरोपी कॉलरीचेच अवशेष. कित्येकांनी टाय म्हणजे साहेबाची नक्कल, असे म्हणून तो टाकला, आणि त्या काळी त्यांचेही बरोबर होते. पण दुसरी बाजू आहे. ज्यांना स्वच्छ, चांगले कपडे घालण्याचीच मनाई होती, त्यांनी काय टाकावे? 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना मुद्दाम लुगड्याविषयी सांगितले. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून आपली जात ओळखू येते, ती चाल सोडा आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींतील बायकांसारखे लुगडे नेसा, असा तो उपदेश होता. त्यांचा स्वतःचा पोशाख कोट, पांढरा शर्ट आणि टाय. गावोगावच्या पुतळ्यांत निळ्या कोटावर बहुधा तांबडा टाय रंगविलेला दिसतो. त्याला नक्कल कोण म्हणेल?

आता पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊ. पांढऱ्या शर्टावर कोणताही गडद रंग खुलतो. गडद निळा किंवा डाळिंबी असला, तर चुकण्याची भीतीच नाही. फिक्या निळ्या शर्टाला डाळिंबी किंवा त्याहून गडद निळा द्यावा. टाय शर्टापेक्षा गडद असावा, हा मुख्य नियम. नाहीतर काठ अंगात बुडालेल्या साडीसारखे दिसते. शर्टावर रेघा असतील, तर टाय साधा घ्यावा आणि त्या रेघेतलाच रंग उचलावा. रंग पाहायचा तो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली निळा आणि काळा सारखेच भासतात. काळा टाय पाश्चात्त्य रीतीत दुखवट्याचा, म्हणून एकाएकी देऊ नये. रात्रीच्या औपचारिक मेजवानीची गोष्ट निराळी. तेथे पांढरी किंवा काळी बो ठरलेली असते, म्हणजे निवडीचा त्रासच नाही.

पण रंग सांगण्यापूर्वी आपण एकदा कॉलरकडे नजर टाकतो. मळली असेल, तर शर्ट काढायला लावतो. ब्रमेलने केले तेही एवढेच, आणि त्याचे नाव झाले. यापुढे कोणी दोन टाय घेऊन दारात उभे राहिले, तर रंग आनंदाने सांगावा, आणि उद्याची कॉलर घासायला बादलीपाशी त्यालाच पाठवावे. ट्रॉयच्या त्या भगिनींना याहून चांगली आदरांजली आपल्या हातून दुसरी कोणती व्हायची?