आधी मास्तर, मग गोलकीपर : बॉब विल्सन

मुलगा मैदानात रमला की आपल्या घरांत अब्बा एकच विचारतात, "खेळून पोट भरणार का?" आर्सेनलचे टी-शर्ट घालून फिरणाऱ्या आपल्या पोरांना त्याच क्लबच्या एका जुन्या गोलकीपरची ओळख म्हणूनच आम्ही करून देतो आहोत.

बॉब विल्सन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९४१ चा, इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डचा. शाळकरी वयातच मँचेस्टर युनायटेडला ते हवे होते. वडिलांनी सही करू दिली नाही. फुटबॉल भरवशाचा धंदा नाही, आधी शिक्षक हो, असं त्यांचं म्हणणं. बॉब यांनी लफबरोला शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि लंडनमध्ये शाळेत शिकवू लागले. १९६३ मध्ये ते आर्सेनलकडून पहिला सामना खेळले, तेव्हाही ते हौशी खेळाडूच होते, क्लबचा पगार नव्हता. व्यावसायिक करार १९६४ मध्ये झाला, पण संघात पक्की जागा मिळायला १९६८ उजाडलं. इतका सब्र आजच्या किती पोरांकडे असेल?

पुढे मात्र काम जोरात झालं. १९७० मध्ये फेअर्स कप, १९७१ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही एकाच हंगामात. त्या कपच्या अंतिम सामन्यात विल्सन क्रॉसच्या अंदाजानं थोडे पुढे सरकले आणि लिव्हरपूलच्या स्टीव्ह हायवेनं जवळच्या खांबाच्या बाजूनं गोल मारला. तरी आर्सेनल २-१ नं जिंकलं. फॉरवर्डच्या पायांवर डोकं पुढे घालून झेप घ्यायची ही त्यांची खासियत. दुखापतीही तशाच झाल्या. १९७२ च्या उपांत्य सामन्यात गुडघा गेला आणि अंतिम सामना हुकला. ३०८ सामने खेळून १९७४ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते थांबले.

गोलकीपरसाठी हे वय लवकरचंच. पण हातात दुसरं हुन्नर होतं. त्याच वर्षी बीबीसीवर 'फुटबॉल फोकस' हा कार्यक्रम त्यांच्याकडे आला, आणि तो त्यांनी १९९४ पर्यंत सांभाळला. मग आयटीव्ही. जुने खेळाडू तेव्हा टीव्हीवर मत द्यायला येत. कार्यक्रम चालवायला माणूस वेगळा असे. वर्गात उभं राहून समजावून सांगायची सवय इथे कामी आली असणार, असं आम्हाला वाटतं.

टीव्हीचं काम सांभाळून ते आर्सेनलच्या गोलकीपरांना शिकवत राहिले. फक्त गोलकीपरसाठी वेगळा कोच ही तेव्हा सर्रास गोष्ट नव्हती. पॅट जेनिंग्ज, जॉन ल्युकिच, डेव्हिड सीमन हे सगळे त्यांच्या हाताखालून गेले.

१९९८ मध्ये त्यांची मुलगी अ‍ॅना ३१ व्या वर्षी कॅन्सरनं गेली. पुढच्याच वर्षी विल्सन आणि पत्नी मेग्ज यांनी विलो फाउंडेशन काढलं. १६ ते ४० वयाच्या गंभीर आजारी तरुणांना त्यांच्या आवडीचा एक खास दिवस आपल्या माणसांसोबत घालवता यावा, याची सोय ही संस्था करते.