मुलांचे गुण कोण ठरवतं? घर, शाळा की मैदान?

दहावीचा निकाल लागला की शाबासकी असो वा बोलणी, दोन्ही मुलाच्याच वाट्याला येतात. पण गुणपत्रिकेवर नाव एकाचं असलं, तरी त्या गुणांमागे घर, शाळा आणि शाळेबाहेरचा वेळ या तिघांचाही हात असतो.

घराचा वाटा किती?

1966 साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. त्यासाठी सुमारे 4 हजार शाळांमधल्या लाखो विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती. शाळेची इमारत, ग्रंथालय आणि खर्च यांपेक्षा घरच्या परिस्थितीचा गुणांशी जास्त संबंध दिसला. वर्गमित्रांचाही परिणाम जाणवला.

घरची परिस्थिती म्हणजे नुसता पैसा नव्हे. मुलांशी होणाऱ्या गप्पा, झोपेची ठरलेली वेळ, अभ्यासाला शांत कोपरा हेही त्यात येतं. फारसं न शिकलेले आईवडीलही ‘आज शाळेत काय झालं?’ असं रोज विचारू शकतात.

मग शाळेचा उपयोग काय?

खूप. स्टीफन हेनमन आणि विल्यम लॉक्सली यांनी 1983 मध्ये अनेक देशांची तुलना केली. गरीब देशांत शाळा आणि शिक्षक यांचा प्रभाव जास्त असल्याचं त्यांना आढळलं. घरी जे मिळत नाही, ते तिथे शाळाच देते.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबई आणि वडोदऱ्यातला ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज सुमारे दोन तास वस्तीतल्याच एका तरुणीकडे लहान गटात शिकायची. त्यांना पाया पक्का करून दिला जायचा. अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा सर्वाधिक फायदा कच्च्या मुलांनाच झालेला दिसला. मुलं तीच, घरंही तीच. बदललं होतं ते शिकवणं.

याउलट, बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर मूलही गेलं, तर त्याची शाळा कित्येक महिने बुडते. मुलांना गावातच राहून शिकता यावं, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे.

खेळ-छंदांमुळे अभ्यास बुडतो का?

खेळणारी मुलं अनेक पाहण्यांमध्ये अभ्यासातही बरी दिसतात. पण सगळं श्रेय खेळाला देता येत नाही, कारण क्लासची फी भरू शकणारी घरं आधीच सुस्थितीत असतात. तरीही सरावाची शिस्त आणि हार पचवण्याची सवय मैदानावर लागते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी रोज सरासरी 60 मिनिटांची शारीरिक हालचाल सुचवते. त्यामुळे दहावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करण्याचा निर्णय घाईने घेऊ नका.

गुण कमी पडले तर काय पाहावं?

मुलाला रागावण्याआधी तीन गोष्टी तपासा: घरी अभ्यासाला जागा आणि वेळ मिळतो का? न समजलेलं शाळेत पुन्हा विचारता येतं का? झोप आणि खेळ पुरेसे होतात का? यातलं काय कमी पडतंय ते कळलं, की मदत कुठून सुरू करायची हेही कळतं.