गोंदियातून न्यूरॉलॉजी जर्नलला पेपर कसा सबमिट करतात? लाखोळीच्या निमित्ताने पूर्ण माहिती

रिझल्ट, आधार, परीक्षेचा फॉर्म, सगळं आपण मोबाईलवरून भरतो. मग डॉक्टर लोक एखाद्या वैद्यकीय जर्नलला आपला शोधनिबंध पाठवतात म्हणजे नेमकं काय करतात, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे एमबीबीएस, फिजिओथेरपी, नर्सिंग करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आता 'पेपर टाकायचा आहे' हे वाक्य सहज येतं. मी डॉक्टर नाही. पण ओळखीच्या डॉक्टरांच्या फाइल्स तयार करून अपलोड करायला मी अनेकदा बसलो आहे. कुठे अडतं, हे त्यामुळे चांगलं माहीत झालंय.

नुसतं 'इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा' सांगण्यात मजा नाही. आपल्याच जिल्ह्याचं एक उदाहरण घेऊ.

लाखोळी आणि मज्जासंस्था

धान निघायच्या आधी बांधीतल्या ओलीत लाखोळीचं बी फेकायचं, पाणी द्यायचं नाही, तरी पीक येतं. गोंदिया-भंडाऱ्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. या डाळीत ओडॅप नावाचा विषारी घटक असतो. दुष्काळात दुसरं काही मिळत नाही म्हणून महिनोन्महिने मुख्य जेवण लाखोळीचंच झालं, तर पायातली ताकद जाऊन पाय ताठरतात, माणूस काठी घेऊन चवड्यांवर चालायला लागतो. याला न्यूरोलॅथिरिझम म्हणतात. एकदा झालं की ते सहसा बरं होत नाही. १९६१ मध्ये केंद्राने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली, पण पीक काही शेतातून गेलं नाही. इतर जेवणासोबत कधीमधी थोडी लाखोळी खाणं आणि महिनोन्महिने फक्त तीच खाणं, यात मोठा फरक आहे, हेही इथेच सांगून टाकतो. उगाच घरात भांडण नको.

महाराष्ट्रात लोक लाखोळी किती खातात आणि हा आजार आज कुठे आहे, यावरचा एक शोधनिबंध २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आला. अभ्यास गोंदिया जिल्ह्यातला, संशोधक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे. हे जर्नल १९१३ पासून निघतं आणि त्यातले लेख फुकट वाचता येतात. मोबाईलवर पबमेड उघडून लाखोळीचं इंग्रजी नाव 'ग्रास पी' आणि सोबत 'महाराष्ट्र' टाइप करा, सापडेल. आपल्या गावाकडची गोष्ट जगाच्या नोंदीत कशी जाते, ते एकदा डोळ्यांनी बघाच.

आता समजा, देवरी किंवा सालेकसा भागातला एक वयस्कर शेतकरी पाय ताठरले म्हणून दवाखान्यात आला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला ही केस न्यूरॉलॉजीच्या जर्नलला पाठवायची आहे. पुढचं सगळं या काल्पनिक पेशंटला धरून सांगतो.

जर्नल निवडताना

भारतात मज्जासंस्थेच्या आजारांसाठी दोन नावं लगेच पुढे येतात. एक 'न्यूरॉलॉजी इंडिया', न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं, १९५३ पासूनचं. दुसरं 'अ‍ॅनल्स ऑफ इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी'. प्रत्येक जर्नलच्या साइटवर 'लेखकांसाठी सूचना' असं पान असतं. लोक ते पान वाचतच नाहीत आणि मग आठ दिवसांत लेख परत येतो. कुठल्या प्रकारचे लेख घेतात, शब्दमर्यादा किती, संदर्भ कसे लिहायचे, चित्रं किती चालतात, पैसे लागतात का, हे सगळं तिथे असतं. काही जर्नल एकट्या पेशंटची केस घेतच नाहीत, फक्त संपादकाला पत्र या स्वरूपात घेतात. हे आधी कळलं तर महिनाभराची मेहनत वाचते.

एकाच वेळी दोन जर्नलला तोच लेख पाठवायचा नाही. नोकरीचे अर्ज चार ठिकाणी टाकतो तसं इथे चालत नाही. पकडलं गेलं तर दोन्हीकडून नकार येतो आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

पेशंटची ओळख: सगळ्यात नाजूक भाग

आपण स्मार्टफोनवाले इथेच सगळ्यात जास्त घोळ घालतो, म्हणून इथे जरा थांबतो.

एमआरआयच्या फिल्मवर कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, तारीख, दवाखान्याचं नाव छापलेलं असतं. फिल्म खिडकीला धरून मोबाईलने फोटो काढला की हे सगळं त्या फोटोत येतं. वर मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांशही साठतात. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्याची क्वालिटी घसरते आणि जर्नल म्हणतं, चित्र ३०० डीपीआयचं द्या. त्यामुळे रेडिऑलॉजी विभागाकडून नाव काढलेली मूळ इमेज मागून घेणं सगळ्यात बरं. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पण पेशंटची फाइल कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलेली गोष्ट परत घेता येत नाही.

न्यूरॉलॉजीत पेशंट कसा चालतो याचा व्हिडिओ फार महत्त्वाचा असतो. पाय ताठ असलेल्या माणसाची चाल लिहून सांगण्यापेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो. पण त्यात चेहरा दिसतो. पूर्वी डोळ्यांवर काळी पट्टी टाकायचे. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या मते तेवढं पुरत नाही, माणूस तरीही ओळखू येतो. कंबरेखालचंच शूटिंग करा, आणि तरीही लेखी संमती घ्याच.

चेहरा झाकला म्हणजे संपलं असंही नाही. लेखात 'अमुक गावचा, अमुक वयाचा, दोन एकरवाला शेतकरी, गेल्या वर्षीपासून काठीवर चालतो' असं लिहिलं, तर गावातलं शेंबडं पोरही नाव सांगेल. मुंबईच्या पेशंटला गर्दी झाकते. तीस घरांच्या टोल्यावर तसं होत नाही. म्हणून गावाचं नाव काढायचं, तालुकाही गरज नसेल तर काढायचा, 'पूर्व विदर्भातला शेतकरी' एवढं पुरतं. संमतीचा कागद त्याला समजणाऱ्या भाषेत हवा. आपल्याकडे कुणाला मराठी, कुणाला हिंदी, कुणाला गोंडीच समजते. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं याला मी तरी संमती म्हणणार नाही. हा लेख इंटरनेटवर जगभर दिसेल आणि एकदा छापल्यावर काढता येणार नाही, हेही त्याला सांगायला हवं.

एकापेक्षा जास्त पेशंटचा अभ्यास असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि ती अभ्यास सुरू करण्याच्या आधीची हवी. तारीख नंतरची दिसली की संपादक तिथेच थांबतो. भारतात याचे नियम आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेत. एकट्या केससाठी काय लागतं ते त्या कमिटीलाच विचारून घ्या.

फाइल्स तयार करणं

बऱ्याच जर्नलमध्ये परीक्षकाला लेखक कोण ते कळू देत नाहीत. म्हणून दोन फाइल्स करायच्या. पहिल्या फाइलमध्ये शीर्षक, लेखकांची नावं, संस्था, फोन, ईमेल. दुसऱ्यात मूळ लेख, त्यात नाव-गाव काहीच नाही. गंमत म्हणजे लोक नावं खोडतात, पण वर्डच्या फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये लेखकाचं नाव तसंच राहतं. तेही काढा.

केस रिपोर्टमध्ये काय काय यायला हवं याची 'केअर' नावाची यादी नेटवर फुकट मिळते, ती समोर ठेवून लिहा. संदर्भांसाठी झोटेरोसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरा, हाताने आकडे टाकत बसू नका. लेखकांच्या यादीत कोणाचं नाव यावं यालाही नियम आहेत. कामात खरा सहभाग, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी घेणं, या चारही गोष्टी हव्यात. 'सर मोठे आहेत' हे कारण त्यात बसत नाही. चॅटजीपीटीसारखं एआय लेखक होऊ शकत नाही. इंग्रजी सुधारायला वापरलं तर तसं लिहून द्यावं लागतं, आणि पेशंटची माहिती त्यात पेस्ट करायचीच नाही.

आता अपलोड

बरीच जर्नल 'एडिटोरियल मॅनेजर' किंवा 'स्कॉलरवन' यांपैकी एक सिस्टीम वापरतात. लिंक नेहमी जर्नलच्या साइटवरूनच उघडा, ईमेलमध्ये आलेल्या लिंकवरून नको. आधी ऑर्किड आयडी काढून ठेवा. हा संशोधकाचा १६ अंकी नंबर, फुकट आहे आणि पाच मिनिटांत निघतो. आडनाव बदललं, कॉलेज बदललं तरी तो बदलत नाही. एकाच नावाचे दहा डॉक्टर असतात तिथे याचा फार उपयोग होतो.

एडिटोरियल मॅनेजरमध्ये लेखाचा प्रकार निवडायचा, फाइल्स जोडायच्या, प्रश्नांची उत्तरं द्यायची, सहलेखकांची नावं आणि ईमेल भरायचे. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका, अर्धवट काम 'इनकम्प्लीट सबमिशन्स'मध्ये सापडतं. शेवटी 'बिल्ड पीडीएफ' दाबलं की सिस्टीम सगळ्या फाइल्सचा एक पीडीएफ बनवते. नव्या माणसाला वाटतं, झालं काम! तसं नसतं. तो पीडीएफ उघडून बघायचा आणि मग 'अप्रूव्ह' करायचा. तोपर्यंत लेख 'लेखकाच्या मान्यतेच्या प्रतीक्षेत' असलेल्या यादीतच पडून राहतो, जर्नलपर्यंत पोचतच नाही. पीडीएफमध्ये तक्ता पानाबाहेर गेलाय का, एमआरआय काळाठिक्कर दिसतोय का, हेही तेव्हाच कळतं.

बहुतेक वेळा सहलेखकांना एक ईमेल जातो, 'तुम्ही खरंच लेखक आहात का' असं विचारणारा. तो स्पॅममध्ये गेला की काम लटकतं, म्हणून सगळ्यांना आधीच फोन करून ठेवा. आणि हो, हे सगळं मोबाईलवर डेस्कटॉप मोडमध्ये जमतं, पण माझं ऐकाल तर शेवटच्या टप्प्याला कॉम्प्युटरच घ्या. छोट्या स्क्रीनवर चुकीची फाइल जोडली गेलेली लक्षातच येत नाही.

पाठवल्यावर काय?

एक नंबर मिळतो, त्यावरून स्टेटस बघायचं. 'विथ एडिटर' म्हणजे संपादकाकडे आहे, 'अंडर रिव्ह्यू' म्हणजे परीक्षकांकडे. यात काही आठवडे ते काही महिने जातात. रोज उघडून बघण्यात अर्थ नाही. कधी संपादक परीक्षकांकडे न पाठवताच परत करतो. बहुतेक वेळा विषय त्या जर्नलला बसत नाही एवढंच कारण असतं.

परीक्षकांच्या शंका आल्या तर ती चांगली बातमी समजा. आपल्या शेतकऱ्याच्या केसमध्ये ते काय विचारतील? न्यूरोलॅथिरिझम पक्कं सांगणारी अशी एक तपासणी नाही. त्यामुळे मणक्याचा एमआरआय केला का, बी-१२ बघितलं का, पाय ताठरण्याची बाकीची कारणं वगळली का, हे येणारच. आणि हमखास येणारा प्रश्न म्हणजे लाखोळी किती खाल्ली, किती महिने, कुठल्या साली? हे उत्तर कुठल्याही मशीनमध्ये नसतं, ते त्याच्या घरच्या म्हातारीला माहीत असतं. पेशंट घरी गेल्यावर हे विचारायला परत गावात जावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं बरं. उत्तर देताना प्रत्येक शंका उतरवून तिच्याखाली आपलं उत्तर आणि लेखात कुठे बदल केला ते लिहायचं. पटलं नसेल तर नम्रपणे कारण द्यायचं, तेही चालतं.

७२ तासांत पेपर छापून देतो म्हणणारे

तुमचा ईमेल कुठल्याही लेखावर छापला की असे मेल सुरू होतात: 'आदरणीय प्रोफेसर, आपला लेख तीन दिवसांत प्रकाशित करू.' खरं परीक्षण तीन दिवसांत होत नाही. असे लोक पैसे घेतात आणि पेपर अशा ठिकाणी टाकतात की तो कुणी वाचत नाही. काही जण तर नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब नकली साइट बनवतात. जर्नल पबमेडमध्ये किंवा डीओएजेच्या यादीत आहे का ते स्वतः शोधा, 'थिंक चेक सबमिट' या साइटवरची प्रश्नावली बघा. काही चांगली जर्नलंही पैसे घेतात, पण रक्कम आधीच साइटवर लिहिलेली असते आणि ती लेख स्वीकारल्यावर मागतात. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवून 'आज भरा, उद्या छापू' म्हटलं की ब्लॉक करा.

वाचायला पैसे लागतात म्हणून थांबला असाल तर एक उपाय आहे. केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तिच्यातून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० जर्नल वाचता येतात. तुमचं कॉलेज त्यात नोंदलं आहे का, हे लायब्ररीत विचारा.