डोकेदुखीवरील विद्युत उद्दीपन उपचार

तीव्र व दीर्घकालीन डोकेदुखीत सौम्य विद्युत स्पंदांनी मज्जातंतूंच्या कार्यात बदल घडवून आणणाऱ्या औषधविरहित उपचारांना विद्युत उद्दीपन उपचार म्हणतात. अर्धशिशी (मायग्रेन) आणि क्लस्टर डोकेदुखी या विकारांत ते प्रामुख्याने वापरले जातात. औषधांनी गुण न येणाऱ्या किंवा औषधे न सोसणाऱ्या रुग्णांसाठी हा पर्याय महत्त्वाचा असतो. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरामुळेही डोकेदुखी जडते. या उपचारांमुळे गोळ्यांवरील अवलंबन कमी होऊ शकते.

इतिहास

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने जुनाट डोकेदुखीवर विजेचा धक्का देणारा जिवंत टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी ठेवण्याचा उपाय नोंदविला आहे. १९६५ साली मेलझॅक व वॉल यांनी वेदनेचा ‘द्वार सिद्धान्त’ मांडला. स्पर्शसंवेदना वाहणारे तंतू उद्दीपित केल्यास वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच रोखले जातात, असे त्याचे सार असून त्यामुळे अशा उपचारांना शास्त्रीय आधार मिळाला.

प्रकार

त्वचेवरून दिले जाणारे उपचार: कपाळावरील ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या शाखांना रोज २० मिनिटे उद्दीपित करणाऱ्या उपकरणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी मान्यता दिली. मानेवर धरून व्हेगस मज्जातंतू उद्दीपित करणाऱ्या उपकरणास २०१७ मध्ये क्लस्टर डोकेदुखीच्या खंडित प्रकारासाठी, तर दंडावर ४५ मिनिटे बांधावयाच्या उपकरणास २०१९ मध्ये अर्धशिशीसाठी मान्यता मिळाली.

शस्त्रक्रियेने बसविले जाणारे उपचार: डोक्याच्या मागील ऑक्सिपिटल मज्जातंतूंजवळ त्वचेखाली विद्युताग्रे बसवितात. इटलीतील मिलान येथे २००० साली असाध्य क्लस्टर डोकेदुखीसाठी मेंदूतील हायपोथॅलॅमसजवळ विद्युताग्र बसविण्यात आले.

परिणामकारकता

विद्युत स्पंद रुग्णाला जाणवतात. त्यामुळे खरा व लटका उपचार त्याच्यापासून लपवून तुलना करणे कठीण जाते. बेल्जियममध्ये ६७ रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कपाळावरील खऱ्या उद्दीपनाने सुमारे ३८ टक्के, तर लटक्या उद्दीपनाने सुमारे १२ टक्के रुग्णांचे अर्धशिशीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयकॉन’ चाचणीत दीर्घकालीन क्लस्टर डोकेदुखीच्या रुग्णांना ऑक्सिपिटल उद्दीपन पूर्ण किंवा ३० टक्के तीव्रतेने देण्यात आले. दोन्ही गटांत झटके जवळपास निम्म्यावर आले. परंतु गटांमध्ये लक्षणीय फरक न आढळल्याने हा गुण नेमका कशामुळे आला, हे निश्चित करता आले नाही.

धोके व मर्यादा

त्वचेवरील उपकरणांमुळे मुंग्या येणे, त्वचा लाल होणे असे किरकोळ त्रास संभवतात. शरीरात बसविलेल्या उपकरणांत जंतुसंसर्ग, विद्युताग्र सरकणे किंवा विद्युतघट संपल्याने पुन्हा शस्त्रक्रिया लागणे हे धोके असतात. मेंदूतील शस्त्रक्रियेत रक्तस्राव होऊन मृत्यू झाल्याची नोंद असल्याने तो मार्ग अगदी अखेरचा मानला जातो. पेसमेकर असलेल्यांना सहसा ही उपकरणे देत नाहीत. अचानक उद्भवलेल्या तीव्र डोकेदुखीत मात्र प्रथम वैद्यकीय निदान आवश्यक असते.