सशस्त्र सेना ध्वजदिन

भारताच्या भूदल, नौदल आणि हवाई दलातील जवान, माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी निधी उभारण्याचा दिवस. दरवर्षी ७ डिसेंबरला पाळतात. सुटी नसते. या दिवसाची खूण म्हणजे कागदाचा एक छोटासा ध्वज. त्यावरचा लाल पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि आकाशी हवाई दलाचा. वर्गणी देणाऱ्याच्या छातीवर तो टाचणीने लावतात.

सैन्याशी निगडित इतर दिवसांमागे बहुधा एखादी लढाई किंवा मोठी घटना असते. १५ जानेवारी हा लष्कर दिन, कारण १९४९ मध्ये त्या दिवशी जनरल करिअप्पा यांनी भारतीय सेनेची सूत्रे हाती घेतली. ४ डिसेंबर हा नौदल दिन, १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याच्या आठवणीचा. १६ डिसेंबर हा विजय दिन, ढाक्यातील शरणागतीचा. ७ डिसेंबरला असा विजय चिकटलेला नाही. हा दिवस गाजवण्यासाठी नव्हे, देण्यासाठी ठरवलेला आहे, आणि त्याचे मोठेपण त्यातच आहे.

पूर्वपीठिका. पहिल्या महायुद्धात लाखो हिंदी सैनिक परदेशी लढले. परतलेल्यांची आणि न परतलेल्यांच्या घरच्यांची सोय पाहण्यासाठी १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचे मूळ तिथे सापडते. त्या काळी युद्धसमाप्तीच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, ब्रिटिश प्रथेप्रमाणे खसखशीची लाल कागदी फुले देऊन पैसे जमवत. स्वातंत्र्यानंतर साम्राज्याच्या आठवणीशी बांधलेला तो दिवस पुढे चालवण्यात अर्थ नव्हता. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या समितीने ७ डिसेंबर ही तारीख मुक्रर केली. फुलाच्या जागी ध्वज आला. युद्धातील मृतांचे कुटुंबीय, अपंग जवान, माजी सैनिक यांच्यासाठीचे वेगवेगळे निधी १९९३ मध्ये एकत्र करून ‘सशस्त्र सेना ध्वजदिन निधी’ स्थापन करण्यात आला.

रशियातील समांतर उदाहरण. अशीच सुरुवात रशियात २३ फेब्रुवारीला साजऱ्या होणाऱ्या ‘पितृभूमी-रक्षक दिना’चीही आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. लाल सेनेच्या स्थापनेचा हुकूम २८ जानेवारी १९१८ चा. १९१९ मध्ये पहिला वर्धापनदिन करायचे ठरले, पण तयारीला उशीर झाला. तेव्हा सैनिकांसाठी भेटवस्तू गोळा करण्याच्या ‘लाल भेट दिना’ला तो जोडून घेण्यात आला आणि सोयीचा रविवार म्हणून २३ फेब्रुवारी ही तारीख पडली. पुढे स्टालिनच्या काळात या तारखेमागे नार्वा आणि प्स्कोव्हजवळ जर्मनांवर मिळवलेल्या विजयाची कथा रचली गेली. इतिहासकारांना त्या दिवशीच्या अशा विजयाचा पुरावा सापडलेला नाही. १९४६ पासून तो सोव्हिएत सेनेचा दिवस म्हणून ओळखला गेला, सोव्हिएत संघ मोडल्यावर त्याला आजचे नाव मिळाले आणि २००२ पासून सार्वजनिक सुटी मिळाली. आता त्या दिवशी अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर फुले वाहतात, रात्री तोफांची सलामी व आतषबाजी होते आणि घरोघरी वडील, भाऊ, नवरा यांना भेटी देतात, मग ते सैन्यात असोत वा नसोत. सैनिकासाठी गोळा होणारी भेट तिथे मागे पडली. आपल्याकडे ती टिकून आहे.

महाराष्ट्रातील पद्धत. राज्यात हे काम पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे असते. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक बोर्डाचे अध्यक्ष. संकलनाच्या शुभारंभाला वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता आणि शौर्यपदकधारक यांचा सत्कार होतो. प्रत्येक जिल्ह्याला रकमेचा इष्टांक मिळतो. तो पुढे खात्याखात्यांत वाटला जातो आणि शेवटी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या हाती पावतीपुस्तक येते. संकलन वर्षभर चालते. या पद्धतीमुळे पैसा जमतो हे खरे. पण ‘इष्टांक पूर्ण’ हा शेरा मिळाला की पुष्कळ ठिकाणी दिवसाचा अर्थही तिथेच संपतो. पगारातून परस्पर कापलेल्या वर्गणीने निधी वाढेल, आस्था वाढणार नाही. पावती फाडताना हा पैसा कोणाकडे जातो, हे दोन वाक्यांत सांगण्याची प्रथा प्रत्येक शाळेने पाडली पाहिजे.

धामणगाव रेल्वे. एका गावाचे उदाहरण घेऊ. वऱ्हाडातल्या या तालुक्याच्या गावी ७ डिसेंबर येतो तो कापसाच्या हंगामात. जिनिंगसमोर गाड्या लागलेल्या असतात, सकाळी गारठा असतो. अशा वेळी स्वेटरवर टाचलेला तो बोटभर कागद दुपारपर्यंत चुरगळतो आणि संध्याकाळी दप्तराच्या तळाशी जातो. तरी या गावाला सैन्य लांबचे नाही. मुंबई–नागपूर लोहमार्गावर धामणगाव सोडले की तळणी, मग वर्धा नदी ओलांडून पुलगाव, आणि तिथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार. ३० मे २०१६ च्या रात्री या भांडारात आग लागून स्फोट झाले आणि ती विझवायला धावलेले अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मिळून पंधराहून अधिक जणांचा जीव गेला. सीमेवर युद्ध नव्हते. सैनिकी सेवेतले मरण रणांगणाचीच वाट पाहते असे नाही, हे या परिसराला वेगळे सांगायला नको.

निधीचा विनियोग. खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांना सांभाळते. हात चालत नाहीत म्हणून दातांत कुंचला धरून चित्रे काढणारे जवान तिथे घडले. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारेही. या केंद्राला ध्वजदिन निधीतून अनुदान मिळते. खडकीचीच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग सैनिकांना हाताला काम देणारे शिक्षण देत आली आहे, तिलाही या निधीचा आधार आहे.

व्यक्तिगत मदतीतला सर्वांत मोलाचा भाग वृद्धांचा. जवानाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणतः १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेल्यांना म्हातारपणी बहुधा हा आधार नसतो. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या आणि ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना निर्वाह अनुदान दिले जाते. ते दरमहा ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने ते ८,००० केले. त्याच वेळी दोन मुलांपर्यंतचे शिक्षण अनुदान प्रत्येकी दरमहा १,००० वरून २,००० आणि मुलीच्या लग्नासाठीचे अनुदान ५०,००० वरून १ लाख रुपयांवर गेले.

हे अनुदान आपोआप घरी येत नाही. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करावा लागतो, आणि धामणगाव तालुक्यातील माणसाला त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण असलेली अमरावती गाठावी लागते. लवकर फौज सोडून आलेले, आता थकलेले एखादे आजोबा किंवा त्यांच्या पश्चात एकट्या राहिलेल्या आजी आपल्या गल्लीत असतील, तर ध्वज विकत घेतलात त्याच आठवड्यात त्यांचे डिस्चार्ज बुक सोबत घेऊन त्यांना त्या कार्यालयापर्यंत पोहोचवा.